पट्टी सोडवताना

थेनने हेडर टेबलावर ठेवला तेव्हा
वेंडोव्हरच्या वाऱ्यात मीठ होतं, नेहमीसारखंच,
गॅरेजच्या कडीवर, माझ्या ओठांवर,
त्याच्या टोपीच्या कडेला पांढरी रेघ ओढून बसलेलं.
चार नळ्या, शेवटी एकात एक शिरलेल्या,
आणि वरपासून खालपर्यंत गुंडाळलेली पट्टी,
काचेच्या धाग्यांची, एकेकाळी सोनेरी,
आता चहाच्या जुन्या फडक्यासारखी.

"तिसऱ्या नळीतून टिकटिक ऐकू येते," तो म्हणाला.
"गॅस्केट असेल."
गॅस्केट नव्हतं. त्यालाही माहीत होतं.

पट्टी रुलनने बांधलेली.
त्या साली बॉनव्हिलच्या सपाटीवर, पाचव्या मैलाला,
त्याच्या उजव्या पोटरीची कातडी पँटला चिकटून आली होती.
नळी बाराशे अंशांवर, पाय तिच्यापासून वीतभर.
मग दोघा भावांनी बादलीत पट्टी भिजवली,
ओलीच घट्ट ओढली, वेढ्यावर अर्धा वेढा,
आणि रुलनने तारेला पीळ दिले, उलटे,
डावखुऱ्या माणसाचे पीळ.
पट्टीने काम चोख केलं.
उष्णता नळीतच राहिली, धूर जोरात पळाला,
पाय वाचला.
तक्रार करावी असं काहीच नव्हतं.

पण पट्टी पाणी धरते.
ऑगस्टातही त्या पांढऱ्या कवचाखाली ओल असते,
चाकं ती उडवतात, पट्टी ती पिते,
आणि वर्षाचे उरलेले एकावन्न आठवडे
शेडमध्ये, ताडपत्रीखाली,
घोट घोट लोखंडाला पाजत बसते.
खाल्ल्या मिठाला माणसं जागतात म्हणे.
इथे मीठच जागं असतं.

"कापू?"
थेन पक्कडीकडे बघत राहिला.
"पीळ कापू नकोस. उलगड."

उलगडले. एकेक.
माझा हात सवयीने भलतीकडे वळे
आणि सुटायचा तो पीळ आणखी आवळला जाई.
रुलन असता तर हसला असता.
तिसऱ्या नळीच्या वळणावर पट्टीबरोबर
पापुद्रेही उतरले, तांबूस, पावासारखे,
आणि खाली जाळी.
माझं बोट आरपार गेलं.
झाकली मूठ.

"स्टेनलेस घेतलं असतं तर?"
त्यालाही मीठ सोडत नाही, मी म्हटलं.
ते वरून निळं-जांभळं, देखणं दिसतं,
आणि वेल्डच्या काठाने, तापल्या जागी,
केसाएवढी भेग अंगावर काढत राहतं.
दुसऱ्याच्या आजाराबद्दल ऐकावं
तसं त्याने ऐकून घेतलं.

मग मी खडूने टेबलावरच काढून दाखवलं:
नव्या नळ्या, आतून बाहेरून सिरॅमिकचा लेप,
पट्टी नाही.
पायाच्या बाजूला पत्र्याचा आडोसा,
नळीला कुठेही न टेकणारा,
मधे दोन बोटं हवा.
आणि रोज संध्याकाळी, धाव कितीही वाईट गेली तरी,
गोड्या पाण्याने धुवायचं,
मग वाफ थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं.

"मधे काहीच भरायचं नाही?"
काहीच नाही.
"नुसती हवा."
नुसती हवा. ती मीठ साठवत नाही.

त्याने तारा मोजल्या. बावीस.
शर्टाच्या खिशात घातल्या.
खिसा फाटेल म्हटलं, तर म्हणाला, फाटू दे.

तो गेल्यावर केर काढताना
बाकाखाली एक सापडली, तेविसावी,
पीळ अजून तसाच, उलटा.
नळाखाली धुतली,
फडक्याने पुसली,
स्टोव्हजवळ ठेवली वाळत.